घरचा धूर, चौकाचा धूर

मराठी माणसाला 'चौक' हा शब्द दोन अर्थांनी परिचित आहे. वाड्याच्या पोटातला, आकाशाला उघडा असलेला तो घरचा चौक; आणि चार रस्ते जेथे येऊन मिळतात तो गावाचा चौक. पहिला खाजगी, दुसरा सार्वजनिक. लखनौचा 'चौक' या दोहोंपैकी कोणत्याही अर्थात नीटसा बसत नाही. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत गेलेली ती एक जुनी पेठ आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या गल्ल्यांतून नांदणारी दाट वस्तीही आहे. येथे घर कोठे संपते आणि बाजार कोठे सुरू होतो, हे परक्याला सांगता येत नाही. अध्यापनाच्या निमित्ताने गेली एकोणतीस वर्षे मी या वस्तीत राहत आहे, आणि अजूनही ती सीमारेषा मला पुरती सापडलेली नाही. गेल्या काही हिवाळ्यांपासून मात्र ती शोधणे भाग पडले आहे. निमित्त आहे धुराचे.

चौकातील हिवाळा हा एरवी मोठा रसिक ऋतू. गोल दरवाजाच्या परिसरात पहाटे दुधाच्या फेसाचे केशरी 'निमिश' विकावयास बसते. अकबरी दरवाजाकडे निहारी-कुलचाची दुकाने उजाडताच गजबजतात. परंतु याच ऋतूत गंगेच्या मैदानावरची हवा जणू झाकण ठेवल्यासारखी स्थिर होते. जमिनीलगतचा थर थंड, वरचा थर त्याहून उबदार. त्यामुळे खालची हवा वर चढत नाही, वाराही मंद असतो, आणि दिवसभरात जे जे जळले ते सारे संध्याकाळी गल्लीतच मुक्काम करते. लखनौतील विषविज्ञान संशोधन संस्था शहराच्या हवेची दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजणी करीत आली आहे, आणि तिने निवडलेल्या व्यापारी ठिकाणांत चारबाग, आलमबाग, अमीनाबाद यांच्याबरोबर चौकही आहे. भारताने २००९ साली ठरविलेली अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा अवघी ५ आहे. या कणांत वाहनांचा वाटा आहे, रस्त्यावरच्या धुळीचा आहे, भोवतालच्या वीटभट्ट्यांचाही आहे. सगळा दोष लाकडाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. तथापि वाहनाचा धूर चालता असतो. लाकडाचा धूर आपल्याच भिंतीपलीकडून येतो आणि तो कोणाच्या घरचा हे आपल्याला ठाऊक असते. म्हणूनच त्याविषयीचे भांडण शेजाऱ्याशी होते.

आमच्या गल्लीतील काही वडीलधाऱ्यांनी एका जानेवारीत ठरविले, की प्रभागाच्या सभासदांमार्फत महानगरपालिकेला अर्ज द्यावा आणि या वस्तीत घरोघरी लाकूड, गोवऱ्या व कोळसा जाळण्यास बंदी घालण्याची मागणी करावी. कारण क्षुल्लक नव्हते. गल्लीतल्या तीन मुलांना दम्याचा विकार जडलेला. जवळच असलेल्या मेडिकल कॉलेजची वाट त्यांच्या पालकांना थंडीत पाठ झालेली. अर्ज लिहिण्याचे काम, मी लिहितावाचता परदेशी म्हणून, माझ्याकडे आले. मला मागणीचा मथितार्थ पटत होता. धुराला भिंत कळत नाही; आणि जे भिंत ओलांडून दुसऱ्याच्या श्वासात शिरते, त्याला केवळ खाजगी म्हणता येणार नाही. या तत्त्वात वाद नव्हता. वाद होता तो अर्जाच्या पहिल्या वाक्यात कोणाचे घर यावयाचे याविषयी.

कारण गल्लीत लाकूड जाळणारी घरे चारच होती आणि चारही सर्वांना माहीत होती. त्यांतले एक आमच्या खालांचे. खाला म्हणजे मावशी. मी त्यांना याच नावाने हाक मारतो, त्या मला 'प्रोफ़ेसर साहब' म्हणतात. वय सत्तरीच्या आतबाहेर. घरात सून, दोन नातवंडे आणि भाड्याची ई-रिक्षा चालविणारा मुलगा. सासू-सून दोघी चिकनचे भरतकाम करतात. मजुरी नगावर ठरते. अर्ज लिहिण्यापूर्वी त्यांच्याशी बोलणे मला आवश्यक वाटले. त्यांच्या घरात गॅसची शेगडी होती, लाल सिलिंडरही होता. मी त्याकडे पाहिले तेव्हा खाला म्हणाल्या, "गैस तो सरकार ने दे दी, प्रोफ़ेसर साहब, भरवाना तो हमीं को है।" सिलिंडर चहाला, पाहुण्याला आणि आजारपणाला. डाळ, भात आणि पोळ्या गच्चीवरच्या मातीच्या चुलीवर. सरपण म्हणजे सुताराकडचे तुकडे, फळांच्या फुटक्या पेट्या, क्वचित टालेवरून आणलेली लाकडे. टाल म्हणजे आपल्याकडील वखार.

ज्या योजनेतून तो सिलिंडर आला तिची सुरुवात याच प्रदेशात, बलिया येथे, १ मे २०१६ रोजी झाली होती, आणि तीन-सव्वातीन वर्षांत देशभर आठ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. हे काम सामान्य नव्हे. तरीही २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे ५८.६ टक्केच आढळली. जोडणी ही एकदाची घटना आहे. सिलिंडर पुन्हा भरणे हा दर महिन्याचा निर्णय आहे. नगावर मजुरी घेणारे घर तो निर्णय दर वेळी नव्याने करते.

खालांच्या घरात मला एक गोष्ट दिसली आणि ती मनातून जात नाही. भरतकामाचे पांढरे कापड एका धुतलेल्या चादरीत घट्ट गुंडाळून, चुलीपासून दूर, खालच्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवलेले होते. विचारले तेव्हा सुनेने सांगितले, की कापडावर काजळीचा डाग पडला तर ठेकेदार पैसे कापतो. कापड धुरापासून जपले जात होते, कारण डागाची किंमत ठरलेली होती. चुलीपुढे रोज दीड-दोन तास बसणाऱ्या सुनेच्या छातीवर बसणाऱ्या काजळीचा भाव मात्र कोणीच ठरविलेला नव्हता. तिचा खोकला त्या घरात हिवाळ्याचा भाग म्हणून धरला जात होता.

चुलीपुढच्या या स्त्रीचे मोजमाप विज्ञानानेही फार उशिरा केले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवेचे मापक लावून ती किती धूर घेते हे पाहिले, आणि तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. तोवर प्रदूषण म्हणजे धुराडे, गिरणी, मोटार असाच समज होता. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली. आम्हा मराठी लेखकांना चुलीचे मोठे कौतुक. फुंकणी, वैल, निखाऱ्यावरची भाकरी, धुराने पाणावलेले आईचे डोळे यांवर आमच्याकडे किती ललित लेखन झाले असेल! माझ्याही आईचे डोळे त्या धुराने पाणावत. ते पाणी मायेचे होते असे आम्ही लिहीत आलो. प्रत्यक्षात ते धुराचे होते आणि तिला त्याचा त्रास होत होता.

कायद्याचा इतिहास पाहिला तर याच विस्मरणाचे दुसरे रूप दिसते. मुंबई इलाख्यात १९१२ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला. बंगालमध्ये तसा कायदा १९०५ सालीच आला होता. गिरण्यांची धुराडी हा त्यांचा विषय. परंतु 'भट्टी' या शब्दाची व्याख्या करताना कायद्याने दोन अग्नी बाहेर ठेवले. एक चितेचा, दुसरा खाजगी घरातला, तो वाफेची यंत्रे चालविण्यासाठी नसेल तर. वरवर पाहता हा घराच्या खाजगीपणाचा केवढा सन्मान! सरकारने उंबरठ्याबाहेर थांबावे हे तत्त्व कोणाला आवडणार नाही? पण उंबरठ्याच्या आत सर्वांत जास्त धूर कोण घेत होते, हे विचारले की त्या सन्मानाचा रंग पालटतो. कायदा घराबाहेर थांबला याचा अर्थ घरातली स्त्री धुरात एकटी राहिली. म्हणून 'चूल ही खाजगी गोष्ट आहे, तीत महानगरपालिकेने लक्ष घालू नये' हा पक्ष मला मान्य करता येत नाही. तो स्वातंत्र्याचा पक्ष वाटतो, पण वस्तुतः ती उदासीनता आहे.

मग उघड बंदीचा पक्ष? त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला लंडनचा. डिसेंबर १९५२ मधील धुरक्याने हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली ब्रिटिश संसदेने स्वच्छ हवेचा कायदा केला. त्याने स्थानिक स्वराज्य संस्थांना धूर-नियंत्रण क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार दिला. घरातली शेकोटी प्रथमच कायद्याच्या कक्षेत आली. हे बहुतेक सगळे सांगतात. त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जुनी शेगडी बदलून धूर न करणारी बसविण्याचा जो खर्च घरमालकाला येईल, त्याच्या दहा हिश्श्यांपैकी सात हिस्से स्थानिक संस्थेने देण्याची तरतूद तेथे होती. मनाई आणि मदत एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. आपण त्या कायद्याचे उदाहरण देतो तेव्हा मनाई तेवढी उचलतो.

आपला वायुप्रदूषणविषयक कायदा १९८१ चा. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने राज्य सरकारला, प्रदूषण मंडळाशी विचारविनिमय करून, एखादे क्षेत्र नियंत्रणाखाली घेता येते आणि तेथे मान्य इंधनाखेरीज अन्य इंधनाच्या वापरास मनाई करता येते. मात्र अधिसूचनेपासून किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, हा अधिकार राज्याचा आहे, महानगरपालिकेचा नव्हे. आमच्या गल्लीचा अर्ज जेथे जाणार होता तेथे त्या मागणीचे उत्तर नव्हतेच. दुसरी, कलमात मुदत आहे, पण दहापैकी सात हिस्से देणारे कोणी नाही. तीन महिन्यांत खालांच्या घरची मजुरी वाढणार नव्हती.

चूल आणि व्यापारी भट्टी यांत मी भेद करतो. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी असा आदेश दिला, की शहरातील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. पावाच्या चवीविषयी, इराण्यांच्या भट्ट्यांविषयी, मुंबईकरांनी त्या वेळी पुष्कळ हळहळ व्यक्त केली. ती मी समजू शकतो. तरीही ज्याचे इंधन हा धंद्याचा खर्च आहे, जो परवाना घेतो, जो किंमत थोडी वाढवून खर्च वाटून देऊ शकतो, त्याच्यावर स्थानिक संस्थेने आधी बंधन घालावे हेच न्याय्य. चौकातही याची गंमत दिसते. बाजारातल्या भट्टीवरून येणाऱ्या धुराला आम्ही 'स्वाद' म्हणतो, त्यासाठी दूरदूरहून माणसे येतात. खालांच्या गच्चीवरून येतो त्याला 'प्रदूषण' म्हणतो. कणाला मात्र आपण कबाबातून आलो की डाळीतून, हे ठाऊक नसते.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट रस्त्यावर घडत होती. थंडीची लाट आली की लखनौची महानगरपालिका स्वतः नाक्यानाक्यांवर, इस्पितळांबाहेर, रात्रनिवाऱ्यांपाशी लाकडे टाकून अलाव पेटविते. अलाव म्हणजे आपली शेकोटी, पण तिच्यात करमणूक नाही. येथे किमान तापमान चार-पाच अंशांवर उतरते. रिक्षावाले, हमाल, इस्पितळाच्या दारात झोपलेले रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी ती लाकडे म्हणजे रात्र काढण्याचे साधन आहे. प्रेमचंदांच्या 'पूस की रात'मधला हल्कू पाने गोळा करून आग पेटवितो, तेव्हा त्या ऊबेपुढे त्याला शेताचीही तमा राहत नाही. ती कथा ज्याने वाचली आहे तो अलाव विझवा असे सहज म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. परंतु जी संस्था सार्वजनिक चौकात लाकूड जाळते, तिनेच घरच्या चौकातल्या लाकडाला दंड करावा, या विसंगतीला उत्तर हवे. दिल्ली परिसरासाठी जी हवानियंत्रणाची श्रेणीबद्ध योजना आहे, तीत उत्तराची एक दिशा आहे. वसाहतींनी आपल्या पहारेकऱ्यांना विजेच्या शेगड्या पुरवाव्यात, म्हणजे त्यांना उघड्यावर लाकूड पेटवावे लागणार नाही, असे तेथे सांगितलेले आहे. ऊब आधी, मनाई मागाहून. क्रमाचा हा विवेक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चौकाविषयी लिहिताना अमृतलाल नागरांचे स्मरण अटळ आहे. ते याच वस्तीत राहिले. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' त्यांनीच 'आँखों देखा ग़दर' या नावाने हिंदीत नेला, आणि त्या नात्याने मराठीचे एक ऋण चौकावर व चौकाचे मराठीवर आहे. त्यांची 'बूँद और समुद्र' ही चौकाच्या मोहल्ल्यावरची कादंबरी १९५६ सालची. थेंब म्हणजे व्यक्ती, समुद्र म्हणजे समाज, हे तिचे सूत्र अभ्यासकांना परिचित आहे. धुराच्या प्रश्नावर ते सूत्र मला नव्याने कळले. समुद्र गढूळ झाला म्हणून थेंबाला जाब विचारणे सोपे असते, कारण थेंब हाती सापडतो. समुद्र हाती सापडत नाही. नागरी शासनाची कसोटी अशी, की जे हाती सापडते त्यालाच धरण्याचा मोह ते आवरते की नाही.

अर्ज मी लिहिला. मागणी बंदीचीच ठेवली, पण तिचे क्रम ठरविले. प्रथम महानगरपालिकेने आपले अलाव टप्प्याटप्प्याने रात्रनिवाऱ्यातील विजेच्या ऊबेत बदलावेत. मग परवानाधारक भट्ट्यांना मुदत द्यावी. घरगुती लाकडावरचे निर्बंध राज्य सरकारकडून मागावेत, आणि ज्या घरांना ते लागू होतील त्या घरांचा वर्षभराचा इंधनखर्च कोण, किती उचलणार हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. तोवर गल्लीतल्या चार घरांना फळांच्या पेट्या व रंगविलेले लाकूड न जाळण्याची विनंती करावी, दंड करू नये.

बैठकीत हा मसुदा वाचला तेव्हा सर्वांत कडक आक्षेप एका आजोबांनी घेतला. त्यांच्या नातवाला दोनच आठवड्यांपूर्वी रात्री प्राणवायू द्यावा लागला होता. ते शांतपणे म्हणाले, "मास्टर साहब, आपका क्रम बहुत अच्छा है। मगर बच्चा क्रम से साँस नहीं लेता।" या आक्षेपाला माझ्यापाशी पुरे उत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्याच्या घरात मूल घुसमटते त्याला न्यायाची पायरीपायरीने चढण सांगणे क्रूर आहे. मी एवढेच म्हणालो, की नुसती बंदी आली तर खाला चूल गच्चीवरून खोलीत नेतील, दार लावून घेतील, आणि धूर गल्लीत कमी दिसेल. पण तो त्यांच्या सुनेच्या आणि नातवंडांच्या छातीत जाईल. ती मुलेही याच गल्लीची आहेत. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक सूचना केली, आणि ती माझ्या साऱ्या मसुद्याहून मोलाची ठरली. अर्जाचे उत्तर येईपर्यंत गल्लीने वर्गणी काढावी आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने त्या चार घरांचे सिलिंडर भरून द्यावेत.

खालांनी प्रथम नकार दिला. दान घेणे त्यांना मान्य नव्हते. मग आजोबांच्या घरातूनच तोड निघाली. त्यांच्या सुनेने सांगितले, की हे दान नसून आपल्या मुलाच्या औषधाचाच खर्च आहे, फक्त तो औषधाच्या दुकानाऐवजी गॅसच्या दुकानात द्यावयाचा. तेव्हा खाला राजी झाल्या, पण रमज़ानच्या दिवसांत गल्लीतल्या त्या तीन मुलांना शेवया आपल्याच घरून जातील, ही अट घालून.

शासनाने काय करावे हा प्रश्न यामुळे सुटत नाही. चार घरांची वर्गणी निघते, चार हजार घरांची निघत नाही. तेथे शासनच हवे, आणि त्याचा निर्बंधाचा अधिकारही हवा. पण त्या हिवाळ्यात एवढे सिद्ध झाले, की धुराची मनाई आणि त्याची किंमत एकाच हाताने दिली तर शेजारी शत्रू होत नाही. आमच्या अर्जाला पोहोच मिळाली आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे. वर्गणीची वही आजोबांपाशी असते, आणि यंदाच्या डिसेंबरसाठी तिच्यात पहिले नाव खालांच्या मुलाने आपले लिहिले आहे, पन्नास रुपये.